विद्येचे चार वाटे

विद्या मिळवावयाची तर घर सोडावे लागे, तो काळ आपल्याकडे फार जुना नाही. पुढे ज्यांना सारा महाराष्ट्र महर्षी म्हणून ओळखू लागला, ते धोंडो केशव कर्वे लहानपणी कोकणातील मुरुड गावी शिकत होते. १८७५ सालच्या सुमारास एक परीक्षा देण्यासाठी त्यांना सातारा गाठणे भाग पडले. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट आणि वाहन म्हणावे तर स्वतःचे दोन पाय! तरीही आपल्या सोबत्यांसह तो मुलगा पायी निघाला आणि साताऱ्यास पोचला. वय लहान दिसते म्हणून तेथे त्याला परीक्षेस बसू दिले नाही, ही गोष्ट निराळी. परंतु विद्येपाशी जावयाचे तर चालावे लागते, याविषयी त्या मुलांच्या मनात शंका नव्हती.

मुलांनो, आज हे चित्र पालटले आहे. आज विद्याच आपल्या दारी चालत येऊ लागली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, ही जगातील अग्रगण्य संस्थांपैकी एक. आपल्या वर्गांत शिकविले जाणारे साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याचा संकल्प तिने २००१ साली जाहीर केला. आपल्या देशातील आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली याच दिशेने पाऊल टाकले. पुढे २०१७ साली भारत सरकारने ‘स्वयम्’ नावाची व्यवस्था सुरू केली. आता घरबसल्या शिक्षकाचे व्याख्यान ऐकावे, पडद्यावरच उदाहरणे सोडवावीत, ती बरोबर की चूक हे तत्क्षणी समजावे आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे, हे सारे शक्य झाले आहे. यालाच आपण ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणतो.

ही सोय पाहून काही जण म्हणतात, “आता शाळा हव्यात कशाला? उत्तमोत्तम शिक्षक मोबाईलमध्येच आहेत!” उलट दुसरे काही जण नाक मुरडून म्हणतात, “यंत्रासमोर बसून का कोणी शहाणा झाला आहे?” ही दोन्ही मते टोकाची आहेत. खरे काय ते पाहावयाचे तर आधी एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. माणूस शिकतो, तो कोणाकडून?

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केलेला होता. एका जुन्या संस्कृत सुभाषितात विद्येचे चार समान वाटे सांगितले आहेत. त्याचा आशय असा, की विद्येचा एक वाटा विद्यार्थ्याला गुरूकडून मिळतो, दुसरा तो स्वतःच्या बुद्धीने मिळवितो, तिसरा त्याला आपल्या सहाध्यायांकडून लाभतो आणि चौथा काळ जाईल तसतसा पदरी पडतो. ज्या कोणी हे सांगितले, त्याने इंटरनेट स्वप्नातही पाहिले नसेल. तथापि, आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे बळ कशात आहे आणि त्यांची मर्यादा कोठे आहे, हे मोजावयास यापरते चांगले माप मला दिसत नाही.

पहिला वाटा गुरूचा. येथे या नव्या साधनाची थोरवी मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. चांगला शिक्षक एका वेळी एका वर्गालाच शिकवू शकतो. परंतु त्याचा पाठ एकदा चित्रित झाला, म्हणजे तो डोंगरापलीकडच्या पाड्यावरही पोचू शकतो. शिवाय या शिक्षकाचा एक विशेष असा, की त्याला कंटाळा ठाऊक नाही. सलमान खान नावाचे एक गृहस्थ अमेरिकेत राहत होते. नाव ऐकून हसू नका. हे चित्रपटातील नव्हेत! २००४ साली ते आपल्या नात्यातील एका मुलीला दूर अंतरावरून गणित शिकवू लागले. हळूहळू नात्यातली आणखी मुले शिकावयास येऊ लागली, तेव्हा २००६ पासून त्यांनी आपले पाठ चित्रित करून इंटरनेटवर ठेवण्यास आरंभ केला. गंमत अशी, की त्या मुलांना प्रत्यक्ष शिकविणाऱ्या दादापेक्षा चित्रफितीतला दादा अधिक आवडला. याचे कारण सोपे आहे. चित्रफीत हवी तेथे थांबविता येते, मागे नेता येते आणि तोच भाग पाच वेळा ऐकला तरी “अजून कसे समजत नाही?” असे ती म्हणत नाही. वर्गात हात वर करावयास लाजणाऱ्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! मंदगतीने शिकणारा आणि शीघ्रगतीने शिकणारा या दोघांनाही आपापल्या चालीने चालण्याची मुभा येथे मिळते. त्या दादाच्या चित्रफितींतूनच पुढे ‘खान अकॅडमी’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे पाठ जगातील असंख्य मुलांनी पाहिले.

परंतु या गुरूलाही दोन उणिवा आहेत. पहिली ही, की तो सर्वांच्याच दारी येऊ शकत नाही. २०२० साली करोनाच्या साथीने शाळांची दारे बंद झाली आणि शिक्षण मोबाईलवर सुरू झाले. तेव्हा ज्या घरी मोबाईल एकच होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, त्या घरच्या मुलांनी काय करावे? सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका खेड्यात पशुवैद्यकाचे शिक्षण घेणारी एक मुलगी होती. तिच्या घरात इंटरनेट मिळेना, तेव्हा तिच्या भावांनी जवळच्या डोंगरावर, जेथे ते मिळे तेथे, एक लहानशी झोपडी उभारली आणि पावसाळ्यात तेथे बसून तिने अभ्यास केला. त्या मुलीच्या जिद्दीचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु प्रत्येकीला डोंगर चढावा लागणे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. दारी येणारी विद्या सर्वांच्या दारी येईल तेव्हाच तिचा गौरव शोभेल.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. चित्रफितीतला शिक्षक आपल्याशी बोलतो, परंतु आपल्याकडे पाहत नाही. वर्गातील बाई फळ्याकडून वळतात आणि मुलांच्या चेहऱ्यांवरूनच ओळखतात, की हे गणित समजलेले नाही. मग त्या तेच गणित आंब्यांच्या ऐवजी बसच्या तिकिटांनी मांडून दाखवितात. एखादा मुलगा उपाशी आला आहे, एखादीचे डोळे रडून लाल झाले आहेत, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पडदा आपले उत्तर चूक आहे एवढे तत्काळ सांगतो. पण ते का चुकले आणि त्या वेळी आपले मन कोठे होते, हे जाणणे त्याला फार अवघड जाते.

आता दुसरा वाटा, स्वतःच्या बुद्धीचा. येथे एक खरी घडलेली हकीकत सांगितली पाहिजे. २०१२ सालच्या मार्च महिन्यात त्याच एमआयटीने विद्युत्‌मंडले आणि इलेक्ट्रॉनिक्स या विषयाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम सर्व जगासाठी खुला केला. तो शिकविणाऱ्यांमध्ये मद्रासच्या आयआयटीत शिकलेले प्राध्यापक अनंत अग्रवाल होते. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही! दीडशेहून अधिक देशांतील सुमारे १,५५,००० जणांनी नावे नोंदविली. एका वर्गात इतके विद्यार्थी कोणत्या गुरूला कधी लाभले असतील? परंतु पहिल्या गृहपाठात निदान एक गुण मिळविण्याइतके काम ज्यांनी केले, त्यांची संख्या २६,००० च्या आसपासच भरली. आणि अभ्यासक्रम संपला तेव्हा प्रमाणपत्र मिळविणारे होते ७,१५७. म्हणजे नाव नोंदविणाऱ्या शंभरांतून पाच जणसुद्धा नव्हेत!

या आकड्यांचा अर्थ लावताना उतावीळ होऊ नये. वाचनालयात जाणारा प्रत्येक जण हाती घेतलेला प्रत्येक ग्रंथ शेवटपर्यंत वाचतोच असे नाही. कोणी एखादे प्रकरण वाचावयास येतो, कोणी नुसते चाळून पाहतो आणि त्यातही त्याचा काही लाभ होतोच. तसेच येथेही झाले असेल. शिवाय ७,१५७ ही संख्याही लहान नव्हे. एका वर्गात शंभर विद्यार्थी धरले तरी असे सत्तरांहून अधिक वर्ग भरले असते. परंतु एवढे मात्र निश्चित, की नाव नोंदविणे म्हणजे शिकणे नव्हे. आपल्यातील कित्येक जण आरंभशूर असतात. आज चित्रकलेचा वर्ग, उद्या बुद्धिबळाचा, परवा संगणकाला आज्ञा देण्याचा, अशी नावे नोंदवीत सुटावे आणि एकही पुरा करू नये, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या! पी हळद आणि हो गोरी, असे विद्येच्या प्रांतात घडत नाही.

एकलव्याची कथा तुम्हांस ठाऊक आहेच. त्याने द्रोणाचार्यांची मातीची मूर्ती केली आणि तिच्यासमोर धनुर्विद्या शिकला. ती मूर्ती एक शब्दही बोलत नव्हती. परंतु रोज पहाटे उठून बाण सोडणारा हात एकलव्याचा होता. आजची मूर्ती बोलते, चालते, रंगीत चित्रे दाखविते. तथापि, हात आपलाच हलवावा लागतो, हा नियम काही बदललेला नाही. आपल्या देशातील व्यवस्थेचे नाव ‘स्वयम्’ असे आहे. ‘स्वतः’ हा त्या नावाचा अर्थ नुसता शोभेसाठी नव्हे.

तिसरा वाटा सहाध्यायांचा. माझ्या मते ऑनलाइन शिक्षणाचा विचार करताना सर्वांत अधिक विसर पडतो तो याचाच. २०१२ च्या त्याच अभ्यासक्रमात शंभरपैकी शंभर गुण मिळविणारे ३४० जण निघाले. त्यांत मंगोलियाची राजधानी उलानबातार येथील बत्तुशिग नावाचा अवघ्या पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. ही बातमी जगभर पसरली आणि लोक म्हणाले, “पाहा, एकट्या मुलाने घरबसल्या केवढा पराक्रम केला!” परंतु तो मुलगा एकटा होता काय? नीट पाहिले तर चित्र निराळे दिसते. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचा एक गट करून सर्वांना या अभ्यासक्रमाला बसविले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एक संशोधक विद्यार्थी प्रयोगाची उपकरणे घेऊन अमेरिकेहून उलानबातारला आला आणि त्याने त्या मुलांकडून प्रत्यक्ष जोडण्या करवून घेतल्या. बत्तुशिगने स्वतःही, अवघड भाग आपल्या मंगोलियन भाषेत समजावून सांगणाऱ्या चित्रफिती सोबत्यांसाठी तयार केल्या. आपली धाकटी बहीण घराबाहेर खेळत असताना मोटार येऊ लागली की वाजून सूचना देणारा एक भोंगाही त्याने बनविला होता. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, तो एमआयटीचा विद्यार्थी झाला.

पाहा बरे, पाठ अमेरिकेतून आला. पण त्या पाठाभोवती वडीलधारा मुख्याध्यापक होता, हात धरून शिकविणारा तरुण होता, बरोबरीचे मित्र होते आणि ज्याच्यासाठी शिकावे असे जिव्हाळ्याचे एक माणूसही होते. त्या मुलाची बुद्धी असामान्य होती यात संशय नाही. परंतु तिला रुजावयास माती मिळाली ती आपल्याच गावाची. आणि हे एकट्या बत्तुशिगपुरते खरे नाही. अभ्यासक्रम संपल्यावर संशोधकांनी विद्यार्थ्यांची माहिती तपासली. ज्यांनी दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर किंवा त्या विषयातील जाणकाराबरोबर बसून अभ्यास केला होता, त्यांचे गुण, इतर गोष्टी समान असताना, एकट्याने अभ्यास करणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन गुणांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. तीन गुण फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. परंतु सोबत केवळ गुणांतच मोजावयाची नसते. मित्र जवळ बसला असेल तर आपण पाठ अर्धा सोडून उठत नाही. मित्राला समजावून सांगू लागलो, म्हणजे आपल्याला खरोखर किती समजले आहे, हे आपल्याच ध्यानात येते. मित्र आपल्याशी वाद घालतो, तेव्हा आपले मत आपण तपासून पाहतो. आणि ऐकून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावरही हसणे, हे धडे तर कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नसतात.

चौथा वाटा काळाचा. चित्रफीत दीडपट वेगाने पाहता येते. समज मात्र तितक्या वेगाने येत नाही. झाडाची पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, हे पाच मिनिटांत पाहून होते. परंतु कुंडीतले रोप दोन दिवस अंधारात ठेवावे, मग एका पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ते उन्हात आणावे आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली त्या पानाची आयोडिनने परीक्षा करावी. उघडा भाग निळाकाळा होतो आणि झाकलेला भाग तसाच राहतो, हे आपल्या डोळ्यांनी ज्याने पाहिले, त्याला ते आयुष्यभर विसरता येत नाही. मधले ते वाट पाहण्याचे दिवस वाया गेले असे समजू नका. त्या दिवसांतच कुतूहल वाढीस लागते.

असे चारही वाटे मोजल्यावर आपला निर्णय काय? माझे मत असे, की ऑनलाइन अभ्यासक्रम हे विद्येचे एक मोठे द्वार आहे आणि ते उघडणाऱ्यांचे आपण ऋणी असले पाहिजे. परंतु तो एका वाट्याचाच धनी आहे. गुरूचा वाटा तो बराचसा आणून देतो. उरलेले तीन वाटे आपल्या घरी, आपल्या शाळेत, आपल्या गावातच जमवावे लागतात. यास्तव शाळेला पर्याय म्हणून नव्हे, तर शाळेची सोबत म्हणून त्याचा स्वीकार करावा. दूरशिक्षणाचा अनुभव असणाऱ्यांनी हे पूर्वीच ओळखले होते. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या हाती घरी वाचावयाची पुस्तके दिली, पण तेवढ्यावर न थांबता ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रेही ठेवली. घरी शिकणाऱ्यालाही अधूनमधून चार माणसांत येऊन बसण्याची गरज असते.

म्हणून, ज्या गावात दहा मुलांमागे एकच चांगला मोबाईल आहे, त्या गावाने केवळ हळहळत बसू नये. त्या एका पडद्यासमोर दहा मुलांनी एकत्र बसावे, पाठ मध्येच थांबवावा, “हे असे का?” म्हणून एकमेकांना विचारावे, आणि गावातील शिक्षकांनी त्यांच्याजवळ बसावे. प्रत्येकाच्या हाती निरनिराळा पडदा असून शेजारच्याशी शब्दही न बोलणाऱ्या दहा मुलांपेक्षा ही दहा मुले अधिक शिकतील, असा माझा विश्वास आहे. अर्थात, म्हणून शासनाने आणि समाजाने साधने पुरविण्याचे आपले कर्तव्य टाळावे, असा याचा अर्थ मुळीच नाही.

आणि तुम्ही काय करावे? एका वेळी एकच अभ्यासक्रम निवडा. आठवड्याचे दिवस आणि वेळ ठरवा. पाहताना वही-पेन्सिल जवळ असू द्या. जे पाहिले ते चित्रफीत बंद करून आपल्या शब्दांत लिहा. एक तरी सोबती गाठा. जे अडले असेल ते दुसऱ्या दिवशी शाळेत आपल्या बाईंना किंवा गुरुजींना विचारा. त्यांना राग येणार नाही, उलट आनंदच होईल. आणि जे समजले असेल, ते ज्याच्या घरी ही सोय नाही अशा एखाद्या मुलाला समजावून सांगा. तुमच्या दारी आलेली विद्या तुमच्याकडून शेजारच्या दारी पोचली, तर तिचे चारही वाटे तुमच्या पदरी पडले, असे खुशाल समजावे.